शनेलबाईंचं पत्र

गेल्या महिन्यात तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. विषय होता 'मला भावलेली कर्तबगार स्त्री'. सावित्रीबाई आल्या, फातिमाबी शेख आल्या, कल्पना चावला दोनदा आली. मग नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "कोको चॅनेल." मागच्या बाकांवर हशा पिकला. पोरांना टीव्हीचं चॅनेल आठवलं असणार. (फ्रेंच उच्चार 'शनेल' असा आहे. मी तोच वापरते.)

मुलगी हुशार होती. अनाथाश्रमात वाढलेली पोर, हातात फक्त सुई-दोरा, आणि त्या जोरावर पॅरिसची राणी. शेवटी इंटरनेटवर फिरणारं एक टाळीचं वाक्य, आणि टाळ्या पडल्याही. गुण द्यायच्या आधी मी तिला एकच प्रश्न विचारला, "१९४१ साली या बाईंनी काय केलं, माहीत आहे का?" ती म्हणाली, "तेव्हा युद्ध होतं ना मॅडम, दुकान बंद होतं."

चहाच्या वेळी माझे सहपरीक्षक थोडे रागावूनच म्हणाले, "मॅडम, मुलींना प्रेरणा द्यायची की चौकशी अहवाल?" त्यांना मी तिथे काही बोलले नाही. समोसे गार होत होते आणि निकाल लावायचा होता. आज इथे सविस्तर बोलते.

आधी जे तिचं आहे ते तिला देते, कारण ते खरंच मोठं आहे. गाब्रिएल शनेल १८८३ साली फ्रान्समधल्या सोम्यूर गावी गरिबांच्या धर्मादाय रुग्णालयात जन्मली. आई कपडे धुणारी, बाप गावोगाव फिरून माल विकणारा. ती अकरा-बारा वर्षांची असताना आई गेली. बापाने मुलं शेतांवर कामाला लावली, मुलींना ओबाझीनच्या मठातल्या अनाथाश्रमात सोडलं आणि तो निघून गेला. मठातल्या साध्वींनी तिला शिवण शिकवलं. पुढे मुलँ गावात दिवसा शिवणकाम आणि रात्री सैनिकांच्या कॅफेत गाणं. 'कोको' हे टोपणनाव त्या गाण्यांवरून पडलेलं. आयुष्यभर तिने हे बालपण झाकलं. बाप अमेरिकेला नशीब काढायला गेला असं सांगितलं, मावश्या रचल्या, वय चोरलं. या खोटेपणाचा मला राग येत नाही. गरिबी लपवणारी माणसं मी रोज वर्गात बघते.

१९१० मध्ये पॅरिसच्या रू कॅम्बोंवर टोप्यांचं दुकान. पैसा आधी एतिएन बाल्सां आणि मग आर्थर कॅपेल या श्रीमंत मित्रांचा. १९१३ मध्ये दोव्हिल, १९१५ मध्ये बियारित्झ. युद्धाच्या दिवसांत तिने जर्सीचं कापड उचललं. पुरुषांचे आतले कपडे ज्याचे व्हायचे ते हे स्वस्त, विणलेलं कापड. त्याचे तिने श्रीमंत बायकांचे पोशाख केले. कॉर्सेटच्या जाचातून बायकांना तिनेच सोडवलं, असं भाषणात ऐकलं. ते पूर्ण खरं नाही, पॉल प्वारे तिच्या आधीच त्या कामाला लागला होता. पण चालता यावं, वाकता यावं, खिशात हात घालता यावा असे कपडे बाईला हवेत, हे तिच्याइतकं कुणी ओळखलं नाही.

माझी अम्मी घरी शिलाई करायची. मोहल्ल्यातल्या बायकांचे कुर्ते, शाळेचे युनिफॉर्म, फॉल-पिको. तिचं म्हणणं, कपडा बसतो की नाही ते मुंढ्यावर ठरतं. शनेल तासन्‌तास गुडघ्यावर बसून मुंढ्याशी झगडायची, पुन्हा पुन्हा बाही उसवायची, हे मी वाचलं तेव्हा मला अम्मी आठवली. मुंढा वर घेतला की हात उचलला तरी जॅकेट वर चढत नाही. शनेलच्या जॅकेटच्या आत खालच्या कडेला बारीक साखळी शिवलेली असते, वजनाने कपडा सरळ पडावा म्हणून. अम्मीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बाई कामाची दिसते." बाई कामाची होतीच. माझा वाद तिच्या कात्रीशी नाही.

आता पैशाचं. १९२१ साली एर्नेस्त बो या सुगंधतज्ज्ञाने तिच्यासाठी अत्तर बनवलं, त्याचं नाव 'शनेल नंबर ५'. ते मोठ्या प्रमाणावर बनवायला आणि विकायला भांडवल हवं होतं, कारखाना हवा होता. १९२४ मध्ये कंपनी झाली, पार्फ्यूम शनेल. त्यात पिएर आणि पॉल व्हेर्थायमर या ज्यू भावांचे ७० टक्के, मध्यस्थ तेओफिल बादेरचे २० आणि शनेलचे १०. बाटलीवर नाव तिचं आणि वाटा दहा टक्के. हे तिला पुढे आयुष्यभर डाचलं, आणि कुणालाही डाचलं असतं. पण पैसा, कारखाना आणि धोका त्यांचा होता, सही तिने स्वतः केली होती. वकील लावून ती वर्षानुवर्षं भांडली. भांडण्याचा तिला हक्क होता.

१९३६ साली फ्रान्सभर संप झाले. शनेलच्या शिवणाऱ्या मुलींनीही काम थांबवलं. स्वतः शिवणकामातून वर आलेल्या मालकिणीला त्यांनी तिच्याच दारात अडवलं. तिने आधी कामावरून काढायची भाषा केली, शेवटी नमली. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि तिने कपड्यांचं दुकान बंद केलं. ही फॅशनची वेळ नाही, असं कारण दिलं. हजारो बायका घरी बसल्या. संपाचा सूड घेतला असं तेव्हाही बोललं गेलं. अत्तराचं दुकान मात्र तिने चालू ठेवलं. "दुकान बंद होतं" एवढंच त्या मुलीला कुणीतरी शिकवलं होतं, म्हणून हे सांगते.

जून १९४० मध्ये जर्मन पॅरिसमध्ये आले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वटहुकूम निघाले, ज्यू कोण याची व्याख्या झाली, नोंदणी सक्तीची झाली. ज्यूंच्या दुकानांवर जर्मन आणि फ्रेंच अशा दोन भाषांतल्या पिवळ्या पाट्या लागल्या, 'ज्यूंचा धंदा'. मालकाची जात-जमात गिऱ्हाइकाला कळावी म्हणून. (आजची कुठली पाटी कुणाला आठवली तर तो माझा दोष नाही.) मग या धंद्यांवर 'आर्य' प्रशासक बसवण्यात आले, त्यांनी ते विकायचे किंवा गुंडाळायचे. रस्त्यावरची लूट यात नव्हती. नमुना अर्ज, शिक्का, आवक क्रमांक, सगळं रीतसर.

व्हेर्थायमर बंधू १९४० मध्येच अमेरिकेला निसटले होते. जाण्याआधी त्यांनी कंपनी फेलिक्स आमिओ या ज्यू नसलेल्या विमान-कारखानदाराच्या नावावर केली होती. शनेल तेव्हा रिट्झ हॉटेलात राहत होती. जर्मन अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतलेलं हॉटेल, आणि तिचा सोबती बॅरन फॉन डिंकलागे, जर्मन गुप्तचर. ५ मे १९४१ रोजी तिने ज्यूंच्या मालमत्तेचा निकाल लावणाऱ्या अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. आशय असा, की पार्फ्यूम शनेल अजूनही ज्यूंचीच मालमत्ता आहे, मालक ती सोडून गेले आहेत, आणि तिच्यावर माझा निर्विवाद अग्रहक्क आहे.

हेच ते पत्र. सतरा वर्षांचा व्यवहाराचा वाद, वकिलांनी जिंकता न आलेला. मग एके दिवशी समोरच्या पक्षाचा धर्म हाच गुन्हा ठरतो आणि ती म्हणते, ठीक, मग त्या कलमाखाली द्या. भांडण तेच राहिलं, तिने फक्त न्यायालय बदललं. नव्या न्यायालयात समोरच्याला उभं राहण्याची परवानगीच नव्हती.

तिला कंपनी मिळाली नाही. आमिओची कागदपत्रं टिकली. तोही काही संत नव्हता, त्याच्या कारखान्यांनी जर्मनांसाठी विमानं बनवली. पण युद्ध संपल्यावर त्याने ठेव मालकांना परत केली. आपल्याकडे अमानत म्हणतात ती गोष्ट. जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये दोन दिवसांत तेरा हजारांवर ज्यू पकडले गेले, त्यात चार हजार मुलं होती. पिवळ्या पाटीखालचे शिंपी, फर शिवणारे, बटणं विकणारे त्यांत होते. फ्रान्समधून एकूण सुमारे ७६,००० माणसं छावण्यांकडे रवाना झाली आणि परत आले ते मोजके. व्हेर्थायमरांकडे न्यूयॉर्क होतं आणि आमिओ होता. बटणवाल्याकडे कोण होतं?

पुढचं थोडक्यात. १९४३ च्या अखेरीस ती जर्मन गुप्तचर यंत्रणेच्या संमतीने माद्रिदला गेली, चर्चिलशी असलेल्या ओळखीतून तडजोडीचा निरोप पोचवण्यासाठी. तो डाव फसला. सप्टेंबर १९४४ मध्ये पॅरिस मोकळं झाल्यावर तिला चौकशीला नेलं आणि काही तासांत सोडलं. तीच त्या वर्षी जर्मनांशी संबंध ठेवलेल्या साध्या बायकांची डोकी भर चौकात भादरली जात होती. ती स्वित्झर्लंडला गेली. १९४७ मध्ये व्हेर्थायमरांनी तिच्याशी समझोता केला. युद्धकाळातल्या नफ्याचा वाटा आणि जगभरच्या विक्रीवर दोन टक्के; ती अतिश्रीमंत झाली. ५ फेब्रुवारी १९५४ रोजी सत्तराव्या वर्षी तिने पुन्हा कपडे दाखवले, पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी टिंगल केली, अमेरिकन बायकांनी डोक्यावर घेतलं. पुनरागमनाचा खर्च कुणी उचलला? पिएर व्हेर्थायमरने. १० जानेवारी १९७१ रोजी त्याच रिट्झमध्ये ती वारली. कंपनी आज त्या व्हेर्थायमरच्या नातवंडांची आहे.

तिचे वकील म्हणतात, "बघा, ज्याच्यावर अन्याय केला त्यानेच माफ केलं, तुम्ही कोण?" व्हेर्थायमर व्यापारी होता. बाटलीवरचं नाव जिवंत राहिलं तर बाटली खपते, हे त्याला कळत होतं. माफीच असेल तर ती त्याच्या हिश्शाची. बटणवाल्याच्या वतीने माफ करायला तो निघाला नव्हता.

दुसरा बचाव भाच्याचा. तिने मुलासारखा वाढवलेला भाचा आंद्रे पालास जर्मनांच्या कैदेत होता, त्याला सोडवायला तिने जर्मनांशी ओळखी केल्या. हे मला पटतं. मुलासाठी आई कुणाचेही पाय धरेल. पण भाचा सुटायला अत्तराची कंपनी आपल्या नावावर होण्याची काय गरज होती? त्या पत्राचा भाच्याशी काही संबंध नाही.

तिसरा बचाव कंपनीचा. २०११ साली हॅल व्हॉन या पत्रकाराचं पुस्तक आलं, त्यात जर्मन गुप्तचर खात्यात तिचा क्रमांक आणि सांकेतिक नाव नोंदलेलं असल्याची कागदपत्रं होती. तेव्हा कंपनीकडून सांगण्यात आलं, की ती ज्यूद्वेष्टी असती तर रॉथशिल्डसारखे ज्यू स्नेही आणि भागीदार तिने ठेवले असते का? हे वाक्य वाचून मी मोठ्याने हसले. "माझे तर कितीतरी मित्र मुसलमान आहेत" हे ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. ते वाक्य पॅरिसमध्येही चालतं, हे नवीन कळलं.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात २०२३ साली तिचं मोठं प्रदर्शन झालं. तिथे ती प्रतिकार चळवळीतही नोंदलेली होती असा कागद मांडला होता. अभ्यासकांना त्याबद्दल शंका आहेत. समजा तो कागद खरा. मग एका खिशात एक ओळखपत्र आणि दुसऱ्या खिशात दुसरं, एवढंच सिद्ध होतं. ५ मेचं पत्र त्याने पुसलं जात नाही.

आणि सगळ्यात आवडता बचाव, "काळच तसा होता, सगळ्यांनीच केलं." सगळ्यांनी? त्याच पॅरिसमध्ये कातरीन दिओर नावाची तरुणी राहत होती. भाऊ क्रिस्तियाँ ल्युसियाँ लेलाँगच्या फॅशनगृहात नोकरीला, आणि तिथे जर्मन अधिकाऱ्यांच्या बायकाही कपडे शिवून घेत. म्हणजे घर अगदी स्वच्छ होतं असंही नाही. पण कातरीन प्रतिकार चळवळीत होती. जुलै १९४४ मध्ये ती पकडली गेली, छळ झाला, तिने नावं सांगितली नाहीत, तिला रावेन्सब्र्यूकच्या छावणीत पाठवलं. परत आली तेव्हा भावाला ओळखू आली नाही. पुढे ती फुलांचा व्यवसाय करायची. १९४७ साली भावाने पहिलं अत्तर काढलं, 'मिस दिओर'. ते तिच्यावरूनच, असं म्हणतात. दोन बाटल्या, एकच शहर, एकच काळ. आमच्या स्पर्धेत कातरीनवर बोलायला अजून कुणी उभं राहिलेलं नाही. तिच्या कथेत श्रीमंत होणं नाही ना.

आता जरा आपल्या माणसांशी. मी हे घरात बोलले तर मामूजान म्हणाले, "शनेल? तीच ना, कुराणाच्या आयती झग्यावर छापणारी?" हे आपल्याला बरोबर आठवतं. जानेवारी १९९४, क्लॉडिया शिफर ही मॉडेल, तिच्या चोळीवर मोत्यांनी भरलेल्या आयती. कार्ल लागरफेल्ड या डिझायनरने ताजमहालावरच्या एका पुस्तकातून नक्षी उचलली होती आणि ती प्रेमकविता आहे असं त्याला वाटलं होतं. माझ्या पाचवीतल्या पोराला दाखवली असती तरी त्याने सांगितलं असतं. निषेध झाले, कंपनीने माफी मागितली, ते पोशाख नष्ट केले. मी तेव्हा शाळेत होते. मोहल्ल्यात शनेलवर बहिष्कार टाकायचं ठरलं. मोहल्ल्यात शनेलची बाटली कुणाकडेच नव्हती. एकाकडे होती ती मुसाफिरखान्याजवळच्या फुटपाथवरची नक्कल.

तो राग चुकीचा नव्हता. पण कोकोबाई तेव्हा मरून तेवीस वर्षं झाली होती, आणि त्या घोडचुकीत कुणाची भाकरी गेली नाही. तिच्या हयातीत तिने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या पत्राबद्दल मात्र मोहल्ल्यात एक शब्द मी ऐकला नाही. का? कारण ज्यांच्याविरुद्ध लिहिलं ते ज्यू होते. मी हे वर्गाबाहेर बोलते तेव्हा हमखास कुणीतरी गाझा काढतं. गाझा बघून माझीही झोप उडते. पण १९४१ सालचा पॅरिसचा बटणवाला गाझाचा गुन्हेगार नाही. त्याची आठवण काढली की गाझावरचा आपला हक्क कमी होतो, हे गणित मला सुटत नाही. उलट, माणसाच्या धर्मावरून त्याचं दुकान काढून घेणं वाईट, एवढं आधी सरळ बोलता आलं पाहिजे, मग पुढचं.

आमच्या रायगडात तर ज्यू म्हणजे परदेशी बातमी नव्हे. बेने इस्रायली मराठी बोलायचे, तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून 'शनवार तेली'. अलिबागेत त्यांचं प्रार्थनास्थळ आजही उभं आहे. ते गेले ते स्वतःच्या मर्जीने, इस्रायल झाल्यावर. त्यांच्या घाण्यावर कुणी पिवळी पाटी लावली नाही. कोकणच्या इतिहासातली ही गोष्ट मी मुलांना अभिमानाने सांगते.

सहपरीक्षकांना माझं उत्तर इतकंच. मुलींना प्रेरणा हवीच. पण नववीतल्या मुलीला अर्धी बाई देऊन 'अशी हो' म्हणणं ही फसवणूक आहे. उद्या तीही धंदा करेल, तिचाही भागीदार असेल, वाटा कमी पडल्याचा सल तिलाही असेल. आणि एखाद्या दिवशी एखादा अर्ज तिच्यासमोर येईल, ज्यात फक्त भागीदाराचा धर्म लिहायचा असेल. तेव्हा तिला टोप्या आणि मोत्यांच्या माळा आठवून काय उपयोग?

मुलगी दुसरी आली. जिल्ह्याला जाणार आहे. परवा तिच्या अब्बांच्या फोनवरून तिने विचारलं, "मॅडम, त्या पत्राची तारीख सांगा ना." मी सांगितली. म्हणाली, पत्राला चाळीस सेकंद लागतात आणि वेळ सातच मिनिटं आहे, टोप्यांचा भाग काढू का? मी म्हटलं, "टोप्या राहू देत, त्या तिने मेहनतीने केल्यात. ते शेवटचं टाळीचं वाक्य काढ." जरा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मग मॅडम, टाळ्या कुठे पडणार?"